सात वाजताचा फोन

त्र्याण्णव सालच्या दिवाळीत अवधूत चौबळ बायको-मुलीला घेऊन दक्षिणेच्या सहलीला निघाला, तेव्हा खारीला कुठे ठेवायचं हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नव्हता.

खारी त्यांची कुत्री. आई पॉमेरेनियन आणि बाप नवीन पनवेलच्या रस्त्यावरचा कुणीतरी गावठी. रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून रेवानं हे नाव ठेवलं होतं. रेवा दुसरीत होती तेव्हा चपलांच्या खोक्यातून ती घरी आली, आणि आता रेवा सहावीत होती. आशालताच्या माहेरी चिपळूणला जायचं तर खारीसुद्धा जायची. पण ही सहल सोळा दिवसांची होती, सहल कंपनीच्या बसमधून. म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मदुराई, कन्याकुमारी. अवधूतच्या बँकेची प्रवास सवलत चार वर्षांनी मिळाली होती. मागच्या खेपेला अवधूतच्या वडिलांचं आजारपण निघालं आणि सगळं रद्द करावं लागलं होतं. लग्नानंतर आशालता एकदाच लांब गेली होती, तेही एका लग्नाला. त्यामुळे या वेळी जायचंच, असं ठरलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या मितालीनं पनवेलजवळच्या नेरे गावातला एक पत्ता दिला. तिच्याकडे सुलतान नावाचा अल्सेशियन होता आणि तो दोनदा तिथे राहून आला होता. नेऱ्याचा काशीराम भोपी वीस वर्षं मुंबईच्या एका शेठच्या फार्महाउसवर कुत्री सांभाळत होता. शेठनं जागा विकली तेव्हा काशीरामनं स्वतःच्या शेताच्या कडेला पत्र्याच्या छपराच्या, जाळीच्या सहा खोल्या बांधल्या. नवीन पनवेलची माणसं त्याला कुत्र्यांचं हॉस्टेल म्हणायची. बांधकाम काशीरामचं असलं तरी कुत्र्यांचं सगळं त्याची बायको जनी बघायची. जनावरांचे डॉक्टर लिमयेसुद्धा लोकांना तिथेच पाठवायचे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अवधूत आणि रेवा स्कूटरवरून खारीला घेऊन नेऱ्याला गेले. खारी पायाशी बसली होती. एरवी ती वाऱ्यात तोंड धरायची, त्या दिवशी मान खाली घालून बसली. लक्ष्मीपूजनापासून तिनं नीट खाल्लं नव्हतं. डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ या का, असं आशालतानं विचारलं होतं. फटाक्यांनी घाबरली आहे, दुसरं काही नाही, असं अवधूत म्हणाला होता. आदल्या वर्षीही तसंच झालं होतं, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण त्या घाईत डॉक्टरांकडे जायला त्याला वेळ काढायचा नव्हता, हेही खरं होतं.

जनीनं खारीचे कान उलटून पाहिले. दोन गोचिड्या काढून बाजूला टाकल्या. किती दिवस खात नाही, असं तिनं विचारलं. अवधूतनं फटाक्यांचं सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पोटाखाली हात लावून थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग ती म्हणाली की त्यांच्या घरी फोन नाही, पण रस्त्यापलीकडच्या पोल्ट्रीवर आहे. एक दिवसाआड संध्याकाळी सात वाजता ती तिथे जाऊन बसेल.

"फोन करत जावा, साहेब," ती म्हणाली. "काय कमी-जास्त झाला तर आमाला बी सांगता येतं."

रेवानं खारीची जुनी चादर खोलीत अंथरली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. स्कूटर सुरू झाली तेव्हा खारी जाळीच्या कडेकडेनं शेवटपर्यंत धावत आली. अवधूतला वाईट वाटलं. पण गाढी नदीच्या पुलापर्यंत येईस्तोवर त्याच्या डोक्यात बॅगा, औषधं आणि खिडकीची सीट एवढंच होतं.

फोनचं काम अवधूतनं स्वतःकडे घेतलं. एसटीडी बूथवर रांगा असायच्या. दिवसभर बसमध्ये बसून आशालता आणि रेवा थकायच्या. म्हैसूरहून त्यानं पहिला फोन केला तेव्हा जनी म्हणाली की थोडं दूध प्यायली, भाकरी नाही खाल्ली. त्यानं रेवाला सांगितलं, दूध प्यायली. रेवाला तेवढं पुरलं.

उटीच्या फोनवर मात्र जनी पहिल्यापासूनच वेगळ्या आवाजात बोलली. खारीला ताप होता. दोन दिवसांत पोटात काही नव्हतं. डॉक्टर लिमयांना आणलं होतं. त्यांनी गोचिडीचा ताप आहे म्हणून सांगितलं आणि सुई दिली. बरी होईल का, असं अवधूतनं विचारलं. जनी म्हणाली की डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत.

"साहेब, ती सारखी दाराकडं बगते," जनी म्हणाली. "परवाच्या फोनाला पोरीला आना. मी खारीला हितं उचलून घेऊन येते. पोरीचा आवाज ऐकला तर दोन घास खाईल ती."

अवधूतनं बाहेर पाहिलं. बूथच्या काचेतून त्याला रेवा दिसत होती. समोरच्या दुकानात निलगिरीच्या तेलाच्या बाटल्या होत्या. ती एकेक बाटली उघडून वास घेत होती आणि आईच्या नाकाशी धरत होती. आशालता हसत होती. तिला असं हसताना त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. रेवाला कळलं तर ती इथेच रडायला लागेल आणि परत जाऊ या म्हणेल. आशालताही तेच म्हणेल. सहलीचे अजून अकरा दिवस बाकी होते. आणि आपण जाऊन तरी काय करणार, डॉक्टर आहेतच की, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"बघतो," तो जनीला म्हणाला. "आणि हे बघा जनीबाई, घरच्यांना मी आत्ता काही सांगत नाही. उगाच जिवाला घोर लागतो. तुम्हीही हे कुणाजवळ बोलू नका. आल्यावर मी सांगीन सगळं."

"बरा," जनी म्हणाली.

तो बाहेर आल्यावर रेवानं पहिला प्रश्न तोच विचारला. मजेत आहे, तो म्हणाला. भाकरी खायला लागली? हो, खायला लागली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण रेवाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यानं पुढे आणखी रचलं. शेजारच्या खोलीत एक कुत्रा आलाय, काळा, मोठा. खारीची त्याच्याशी दोस्ती झाली आहे. रेवानं त्याचं नाव विचारलं. अवधूतला पटकन जे सुचलं ते त्यानं सांगितलं, बादशहा. त्यानंतर दोन दिवस बसमध्ये रेवा खारी आणि बादशहाच्या गोष्टी रचून आईला सांगत होती. कोडाईकनालला तिनं दोन गळपट्टे घेतले, एक लाल छोटा आणि एक निळा मोठा. निळा बादशहासाठी. ते घेताना अवधूत तिथेच उभा होता. त्यानंच ते दुकानदाराकडून कागदात बांधून घेतले.

त्या संध्याकाळी सात वाजता ते कोडाईकनालच्या तळ्याकाठी होते. घोडेवाले घरी चालले होते. धुकं उतरत होतं. तळ्याच्या वळणावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता आणि त्यात कुणीही नव्हतं. अवधूतनं घड्याळ बघितलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. तो कणीसवाल्याकडे गेला आणि तीन कणसं भाजायला सांगितली. कणसं खाऊन झाल्यावर त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं, तेव्हा पावणेआठ झाले होते.

त्यानंतर त्यानं नेऱ्याला फोन केलाच नाही. मदुराईला लाइन लागत नाही म्हणाला. कन्याकुमारीला तो बूथमध्ये गेला, रिसीव्हर कानाला लावला, भलताच नंबर फिरवून ठेवून दिला आणि बाहेर येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे.

बुधवारी सकाळी ते पनवेलला पोचले. दुपारीच तिघं रिक्षा करून नेऱ्याला गेले. रेवाच्या हातात गळपट्ट्यांचा कागद होता. बरी झालेली असेल, बरी झालेली असेल, एवढंच अवधूत वाटभर मनात म्हणत होता.

जनी अंगणात भात पाखडत होती. रिक्षा बघून ती उठली, पदर सारखा केला आणि तिथेच उभी राहिली. पुढे आली नाही. काशीराम गोठ्यामागून आला. रेवा खोल्यांकडे धावली. पहिली खोली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या खोलीत तिनं अंथरलेली चादर धुऊन जाळीवर वाळत घातली होती.

काशीरामनं सांगितलं. खारी शुक्रवारी सकाळी गेली. चिंचेखाली पुरली.

रेवाला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "पण ती खात होती ना?" मग तिनं आईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. आशालतानं तिला पोटाशी धरलं. ती स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा आवाज एरवीही मोठा होता आणि चूक दिसली की ती गप्प बसायची नाही. तिनं जनीला विचारलं की आजारी कधी पडली. जनी म्हणाली, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी.

"आणि आम्हाला कळवलं नाहीत? सोळा दिवस आमचा फोन येत होता. एकदा तोंडातून शब्द नाही निघाला तुमच्या? आम्ही तुमच्या भरवशावर ठेवून गेलो होतो."

जनीनं अवधूतकडे पाहिलं. रागानं नाही. तो आता बोलेल, म्हणून ती थांबली होती. काशीराम पुढे सरकून "बाई, आमी साहेबांना..." एवढं बोलला, तेव्हा जनीनं त्याच्या दंडाला हात लावला आणि तो थांबला.

आशालता अवधूतकडे वळली. "तुम्हाला काय सांगायच्या या फोनवर?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. रिक्षात बसल्यापासून माहीत होतं. खरं सांगायला पाच-सहा शब्द पुरले असते. रेवा आईच्या कुशीतून मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

"ठीक आहे म्हणायच्या," अवधूत म्हणाला.

जनीनं नजर खाली घेतली. ती खाली बसली, सुपातलं भात हातानं सारखं केलं, पुन्हा उठली. आशालता आणखी बरंच बोलली. लोकांचे जीव सांभाळायची अक्कल नसेल तर असले धंदे कशाला काढता, असंही बोलली.

निघताना रेवानं जनीला विचारलं, "बादशहा कुठे आहे?"

जनीला काही समजलं नाही. मग रेवानं सांगितलं, तो मोठा काळा, खारीचा मित्र, बाबांना तुम्हीच सांगितलं होतं फोनवर. जनीनं परत एकदा अवधूतकडे पाहिलं. या वेळी तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं.

"तो गेला, बाय, त्याच्या घरी," जनी म्हणाली. "कालच घेऊन गेले त्याला."

रेवानं निळा गळपट्टा तिच्या हातात दिला. तो परत आला तर द्या, म्हणाली. जनीनं तो घेतला.

त्यानंतर पंधरा दिवस आशालता ज्याला-त्याला नेऱ्याची गोष्ट सांगत होती. तिच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आपल्यावर जे आलं ते दुसऱ्यावर येऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं मितालीला सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या चार घरांत सांगितलं. शाळेतल्या शिक्षिकांना सांगितलं. मिताली आणि तिचा नवरा सत्यजीत नाताळात गोव्याला जाणार होते. त्यांनी सुलतानला नेऱ्याला न ठेवता सत्यजीतच्या भावाकडे ठाण्याला नेऊन सोडलं. दर वेळी ही गोष्ट निघाली की अवधूत उठून गॅलरीत जायचा किंवा पेपर डोळ्यांसमोर धरायचा. लोकांना वाटायचं, कुत्रीचं दुःख अजून ताजं आहे. आशालतालाही तसंच वाटायचं. ती त्या दिवसांत त्याच्याशी फार मायेनं वागत होती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. एकदा जेवताना तिनं त्याच्या पानात न मागता पुरणपोळी वाढली. त्यानं ती खाल्ली नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

डिसेंबरात एक दिवस डॉक्टर लिमये ड्राफ्ट काढायला बँकेत आले. काउंटरवर अवधूत होता. डॉक्टरांनी खारीबद्दल दोन शब्द बोलून दाखवले. ताप रक्तात आधीपासूनच होता, म्हणाले, घरूनच घेऊन आली होती, नेऱ्याला जाऊन झालेला नव्हता. ते चार वेळा तिथे गेले होते. शेवटच्या दोन रात्री जनी त्या खोलीतच झोपली होती, चमच्यानं पाणी पाजत होती.

"मालकांना कळवलंत का, म्हणून मी दर वेळी विचारायचो," डॉक्टर म्हणाले. "साहेबांना माहीत आहे म्हणायची. तुम्ही लांब होतात, तुम्ही तरी काय करणार? पण लोक तिच्याबद्दल काहीबाही का बोलतायत, ते मला कळत नाही. दोन जणांनी मला विचारलं. तुम्ही सांगा ना लोकांना. तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?"

हो, सांगतो, अवधूत म्हणाला. त्यानं ड्राफ्टवर सही करून तो डॉक्टरांना दिला. तारीख घालायची राहिली होती, ती डॉक्टरांनीच दाखवून दिली.

त्या शनिवारी बँक अर्धा दिवस होती. अवधूत घरी न जाता तसाच स्कूटरवरून नेऱ्याला गेला.

सहाही खोल्या रिकाम्या होत्या. काशीराम कामाला गेला होता, कुठल्यातरी फार्महाउसचं कुंपण घालायला. जनी दारात वाल सोलत बसली होती. तिनं त्याला बसायला पोतं दिलं आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. वाटभर त्यानं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. शेवटी तो म्हणाला की त्याचं चुकलं. फार चुकलं. त्यानं तिची माफी मागितली.

जनी वाल सोलत राहिली.

"त्या दिवशी तुमी पोरीला फोनावर आननार होता," ती म्हणाली. "मी खारीला गोधडीत घालून पोल्ट्रीवर नेली. उभी र्‍हात नव्हती ती. सात वाजल्यापास्ना बसलो दोघी. फोन वाजला की ती कान करायची. कोंबड्यांच्या गाडीचं फोन यायचं. नऊ वाजता त्यांनी पोल्ट्री बंद केली."

अवधूतला वर बघवेना. त्या दिवशी वेळ निघून गेली, एवढंच तो म्हणू शकला. मग तेही खोटं आहे हे त्याचं त्यालाच समजलं आणि तो म्हणाला, नाही, बूथ समोरच होता. मी गेलो नाही.

जनीनं मान वर करून त्याला नीट पाहिलं. तो खरं बोलला हे तिला बहुतेक समजलं असावं. अवधूतनं विचारलं की त्या दिवशी आशालता एवढी बोलली, तर तुम्ही का नाही सांगितलंत?

"तुमी नको सांगू म्हनलात. मी बरा म्हनली," जनी म्हणाली. "आनि मना वाटला, तुमी सांगाल. आत्ता सांगाल, आत्ता सांगाल, म्हनून मी थांबली."

तो पुन्हा माफीचं काही बोलायला लागला तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"माफी मना नको, साहेब. मना ठावं हाय काय झाला ते. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

त्यानं सांगतो म्हटलं. ती परत वाल सोलायला लागली. त्याच्या सांगतो म्हणण्यावर तिनं का विश्वास ठेवावा, हे अवधूतलाही कळत होतं.

घरी जाऊन त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. आशालताची बहीण आली होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी बहीण गेल्यावर त्यानं टीव्ही बंद केला आणि दोघींना समोर बसवलं. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. म्हैसूरचा फोन, उटीचा फोन, जनीनं काय मागितलं, आपण काय म्हणालो, कोडाईकनालचा बूथ, कन्याकुमारीचा भलता नंबर. मध्ये एकदा त्यानं, तुमची सहल बिघडू नये म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आशालताच्या चेहऱ्याकडे बघून ते वाक्य सोडून दिलं.

रेवा बराच वेळ पलंगावरच्या चादरीचा दोरा ओढत बसली. मग तिनं विचारलं, "बादशहा नव्हताच ना?"

"नाही."

"मग तो काळा होता असं का सांगितलंत?"

रेवानं थोडी वाट बघितली आणि आत निघून गेली.

आशालता मोठ्यानं बोलली नाही, आणि अवधूतला तेच जड गेलं. ती इतकंच म्हणाली, "मी त्या बाईला तिच्या अंगणात उभं राहून काय काय बोलले. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. मला बोलू दिलंत."

दुपारी ती रेवाला घेऊन नेऱ्याला गेली. अवधूतनं स्कूटर काढू का विचारलं, तर नको म्हणाली, एसटीनं जाईन. संध्याकाळी परत आल्यावर तिथे काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. रेवा चिंचेखाली जाऊन बसली होती, एवढंच कळलं. चहा पिऊन झाल्यावर आशालता म्हणाली की जिथे जिथे ती बोलली आहे, त्या सगळ्या घरांत आता अवधूतनं जायचं. ती बरोबर येणार नाही. शाळेतल्या बायकांना ती स्वतः सांगेल.

तो पाच घरांत गेला. त्याला वाटलं होतं, लोक रागावतील. तसं झालं नाही. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी चहा ठेवला आणि विषय बदलला. एका घरात टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्यांनी आवाज कमी केला आणि त्याचं बोलून होताच परत मोठा केला. सत्यजीत तर हसून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला की अहो, बायकांना सगळंच सांगत बसलं तर माणसाला कुठे जाताच येणार नाही. हे ऐकून अवधूतला आपली जेवढी लाज वाटली तेवढी आधीच्या चार घरांतही वाटली नव्हती. कारण कोडाईकनालच्या तळ्यावर त्याच्या मनात जे चाललं होतं, ते याहून फार वेगळं नव्हतं. मिताली हसली नाही. तिनं विचारलं की जनी अजून कुत्री ठेवते का. ठेवते, अवधूत म्हणाला, पण सध्या कुणी येत नाही. मे महिन्यात आम्ही ठेवू, ती म्हणाली.

मे महिन्यात त्यांनी सुलतानला खरंच ठेवलं. सत्यजीत कामावरून सुटू शकला नाही, म्हणून मितालीनं अवधूतला बरोबर यायला सांगितलं. एवढा मोठा कुत्रा रिक्षात एकटीला आवरला नसता. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

चार खोल्यांत कुत्री होती. जनी नेहमीसारखी बोलली, पाणी दिलं. सुलतानचे कान, पोट, पाय तपासले. मग मितालीला तिनं विचारलं की फोन कोण करणार. माझे मिस्टर करतील, मिताली म्हणाली.

"एक दिवस ते करतील. एक दिवस तुमी करा," जनी म्हणाली. "मी एकाच मानसाला सांगत नाय आता."

ते बोलताना तिनं अवधूतकडे पाहिलं नाही. तो सुलतानची साखळी धरून उभा होता. मितालीनं बरं म्हटलं आणि सातची वेळ लिहून घेतली.

निघताना मात्र जनीनं त्याला रेवाबद्दल विचारलं. आता सातवीत जाईल ना? तिला एकदा घेऊन या, म्हणाली, चिंचेला यंदा लई चिंचा धरल्यात. विचारतो, असं अवधूत म्हणाला, आणि या वेळी त्यानं घरी जाऊन लगेच विचारलं. रेवा गोष्टीचं पुस्तक वाचत होती.

"मी आईबरोबर जाईन," ती म्हणाली आणि पान उलटलं.

अवधूतनं बरं म्हटलं. रविवारी त्या दोघी एसटीनं गेल्या आणि पिशवीभर चिंचा घेऊन आल्या. त्यातल्या थोड्या सोलायला रेवानं त्याच्याकडे दिल्या. तो स्वयंपाकघराच्या दारात बसून त्या सोलत राहिला.